द्वैभाषिक दार

"बसेन गं मी गाडीत. पण ते दार धरणार कोण?"

आई एवढंच म्हणाली आणि पुन्हा गवारीच्या शेंगा मोडायला लागली. ऊर्मिला उंबऱ्यात उभी होती. श्रावणात अप्पा गेल्यापासून आई वाडीच्या फाटकाबाहेर पडली नव्हती. दादरच्या मावशीकडे जाऊ या, चौपाटीवर बसू या, काही नाही तर नुसती एक फेरी मारून येऊ, असं ऊर्मिला महिनेच्या महिने म्हणत होती. टॅक्सीला आईचा नकार ठरलेला. गाडीबद्दल मात्र आज पहिल्यांदाच नकाराऐवजी प्रश्न आला होता.

आणि गाडी फार दिवस राहणार नव्हती. पाडव्याला गुरुदत्त नागपूरहून आला तेव्हा अंगणात उभा राहून त्याने मडगार्डवरच्या धुळीत बोटाने एक रेघ ओढली आणि म्हणाला, "ताई, कोणी बसत नसेल तर मे उजाडायच्या आत काढून टाकू. गिऱ्हाईक आलंय."

"आणि आई बसली तर?"

"आई बसली तर राहू दे की. माझं काय जातंय?"

तेव्हा प्रश्न दाराचा होता.

गाडी म्हणजे काळी, चौकोनी ऑस्टिन. अप्पांनी लढाईच्या सुरुवातीला एका सॉलिसिटरकडून जुनीच घेतलेली. अप्पा हायकोर्टात मराठी कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरं करत. एका शब्दावरून सबंध दुपार अडून बसणारा माणूस. घरी कोणी 'अंदाजे' आणि 'सुमारे' यांत घोळ केला तरी जेवताजेवता थांबत. अशा माणसाच्या गाडीचं पुढचं डावं दार, म्हणजे आईच्या बाजूचं, वर्षानुवर्षं अर्धवट लागत आलं होतं. आपटलं की एकदाच 'खट्' वाजे. दुसरा खट् वाजायला हवा तो वाजतच नसे. गाडी उजवीकडे वळली की दार बाहेर ओढ घेई, आणि त्याच क्षणी अप्पांचा डावा हात चाकावरून सुटून आईच्या पुढून आडवा जाई आणि दाराची कड धरी. वळण संपलं की हात परत चाकावर. बोलणं चालू असलं तर बोलणंही तुटत नसे. मागच्या सीटवर वाढलेल्या ऊर्मिलेला आणि गुरुदत्तला उजवं वळण म्हणजे अप्पांचा तो आडवा हात, असंच वाटत आलेलं. दादरची मावशी तर चिडवायचीच. "शकू, तुझे यजमान भर रस्त्यात तुला कवेत घेतात हो!"

गुजरात आणि महाराष्ट्र मिळून एकच राज्य झालं त्या वर्षी अप्पांनी दाराचं बारसं केलं. म्हणाले, "हे आमचं द्वैभाषिक." पाहुणे हसले. लागलं म्हणावं तर लागलेलं नाही, उघडं म्हणावं तर उघडं नाही, असं ते दार. विनोद बरोबर बसला. ऊर्मिलाही हसली होती. फक्त अप्पा त्या विनोदाला त्याच्या लायकीपेक्षा जरा जास्तच हसले, आणि हसून झाल्यावर डोळे पुसले, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं. पुढे ती ते विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयातून अर्धी रजा घेऊन, दार दोरीने बांधून, ती गाडी चिंचपोकळीला घेऊन गेली. गाडी चालवायला अप्पांनीच शिकवलेली. पुलाजवळ, रेल्वेच्या भिंतीला टेकून लवू मेस्त्रीची शेड होती. लवूचे वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागले. लवू गाड्यांच्या बॉड्यांत शिरला. हात चालत तेवढंच त्याचं तोंडही चालायचं.

"दोरीन बांधून आणलंत? दार हा की गाय?"

"पळून जातं, मेस्त्री."

"बघू, खय पळता ता."

त्याने दोरी सोडली, दार उघडून कडेला धरून वर उचललं. दार बोटभर वर आलं आणि सोडल्यावर खाली बसलं. बिजागऱ्यांच्या पिना झिजल्या होत्या. पिना बदलू, खालच्या बिजागरीमागे पत्र्याची पट्टी घालू, असं त्याने सांगितलं.

"खालच्या का? दार तर वरून कललंय."

लवूने तिच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाने असं विचारायची त्याला सवय नसावी. "खालचा टोक बाहेर ढकलला की दाराची मोकळी कड आपोआप उचलते. वरचा धरून ओढलात तर लाकूड फाटेल. ह्याच्या आत सगळी चौकट लाकडाची हा, ताई. पत्रा नुसता अंगरखा."

ऊर्मिलेला हे आवडलं. ती स्टुलावर बसायच्या ऐवजी उभीच राहिली. नव्या पिना बसल्यावर लवूने कालच्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या. पट्टी चौकटीत धरायची, दार लावायचं, पट्टी ओढून बघायची. सहज आली तर तिथे फट, अडली तर तिथे दार घासतंय. खालच्या पट्ट्या ऊर्मिलेने धरल्या.

"जपून फाडा, मेस्त्री. महाराष्ट्र मधोमध फाटला."

लवूने हातातल्या मथळ्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. "अगो बाय माझे! एवढ्या वर्सांनी मिळता हा, आणि मीच फाडलंय!" त्याने तो तुकडा बाजूला ठेवून जाहिरातींचं पान घेतलं.

फटी सारख्या झाल्या तरी दुसरा खट् काही वाजेना. मग लवूने दिव्याच्या काजळीत तेल कालवलं आणि कुलपाची जीभ, म्हणजे दारातून बाहेर येणारा तो लोखंडी तुकडा, काळी केली. दार लावलं, उघडलं. समोरच्या खांबात जिभेचं घर होतं. त्या घराच्या नुसत्या ओठावर काळा डाग उमटला होता. आत काहीच नाही.

"घर बरोबर हा," लवू म्हणाला. "जीभच पुरती बाहेर येत नाय. कोणतरी मागून धरून ठेवलीहा तिका."

त्याने आतलं हँडल सोडवलं. हँडल आणि दाराचं अस्तर यांच्यामध्ये एक लाकडी चकती होती. लवूने ती काढून उजेडात धरली.

"ह्या काय?"

सागवानाची, बोटभर जाडीची चकती. मधोमध चौकोनी भोक. या चकतीमुळे हँडल अस्तरापासून पुढे आलं होतं आणि कुलपाची चौकोनी दांडी हँडलला नुसत्या टोकावर पकडत होती. पकड घसरली की हँडल अर्धं वळलेलं राही आणि जीभही अर्धी आत. लवूने चकती बाजूला फेकली, हँडल अस्तराला भिडवून बसवलं आणि दार लोटलं.

खट्-खट्.

"झाला! कोणा शहाण्यान घातली होती कोण जाणे. दाराची वाट लावली नुसती."

ऊर्मिलेने चकती उचलली. कड गोल केलेली. काचकागद मारून, वर तेल पाजून गुळगुळीत केलेली, इतकी की वीस वर्षांनंतरही बोट सरकत होतं. ती घरी येईपर्यंत चकती तिच्या मांडीवर होती. चूक एवढ्या निगुतीने कोण करतं? चुकीला कोणी काचकागद मारत नाही.

संध्याकाळी आई खाली आली. खरंच आली. पांढऱ्या पातळाचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ती गाडीत बसली, ऊर्मिलेने बाहेरून दार लोटलं. खट्-खट्. आईने दाराकडे पाहिलं.

"दोनदा वाजलं," ती म्हणाली.

"आता कोणी धरायला नको, आई."

 दार उघडून बघायला आईने डावा हात हँडलकडे नेला. वरून नाही, खालून, मनगट वळवून, जणू हाताखालून काहीतरी लोंबतंय ते सांभाळत. बोटांची पेरं अस्तरावर आपटली. तिने हात मागे घेतला, पुन्हा तसाच नेला, पुन्हा आपटला. मग ती रिकामं मनगट मांडीवर घेऊन बसून राहिली.

"हे आपलं दार नाही."

"तेच आहे, आई. दुरुस्त केलंय."

"असेल. माझ्या हाताला ओळखत नाही." आणि शांतपणे म्हणाली, "उघड गं. वर जाते."

रागावली असती तर बरं, असं ऊर्मिलेला वाटलं. तिने विचारलं, "पूर्वी हँडल पुढे होतं, ते का?" आई जिन्यावर थांबली. "पुढे होतं? मला काय माहीत. हात जायचा, एवढं ठाऊक."

म्हणजे आईलाही माहीत नव्हतं. तिच्या हाताला माहीत होतं.

ऊर्मिला दुसऱ्याच दिवशी चकती घेऊन पुन्हा लवूकडे. लवूने कपाळावर हात मारला. "पुन्हा काय झाला?"

"दाराचं काही नाही. हे कोणाचं काम, ते सांगा."

लवूने आता चकती नीट पाहिली. नखाने कड चाचपली, भोकाच्या चार कोपऱ्यांत डोळा घातला. "खरादावर फिरवून घेतलेला काम. आणि भोक पटाशीन पाडलेला, किती साफ बघा. फिटराचा नाय, बॉडीच्या सुताराचा." थोडं थांबून, जरा नाखुशीनेच, "असो लाडान लाकूड घासणारो एकच माणूस. वल्लभ मिस्त्री. आमचो धंदा खाल्लो त्यान धा वर्सा. आता शिवडीक वखारीत बसता."

"चला मग."

"आता?"

"आता दार लागतंय. तुम्ही बसा डावीकडे."

लवू ऐटीत बसला. वाटेतल्या प्रत्येक उजव्या वळणाला त्याने दाराला कोपर लावून पाहिलं आणि दार हललं नाही म्हणून स्वतःवर खूष होत राहिला. ऊर्मिला पुढे बघत होती. तिचा डावा हात प्रत्येक वळणाला चाकावर उगीचच जड व्हायचा.

वखारीत सागवानाचे ओंडके, भुसा, आणि खाऱ्या चिखलाचा वास. वल्लभ मिस्त्री ओंडक्यावर बसून कपबशीतून चहा पीत होते. लवूला पाहून म्हणाले, "आव, लवू! मुंबई घेतली, आता वखार पण घ्यायला आला?"

"वखार तुमकाच ऱ्हांदे. मुंबई पुरे."

"मग हे बेन कोण?"

ऊर्मिलेने अप्पांचं नाव सांगितलं, अप्पा गेल्याचं सांगितलं आणि चकती त्यांच्या हातावर ठेवली. म्हाताऱ्याने चहा खाली ठेवला. चकती उलटी केली, सुलटी केली, अंगठा कडेवरून फिरवला.

"काढली?" ते म्हणाले. "कोणी काढली?" आणि लवूकडे असं पाहिलं की लवू भुशात पाय घोळवायला लागला.

"ही कशासाठी होती, काका?"

"कशासाठी म्हणजे? तुमच्या फादरनी सांगितला म्हणून. मला आजपण याद आहे. ते आले, बोलले, 'मिस्त्री, या हँडलमध्ये बायकोची बांगडी वाढते. काहीतरी करा.' बस, एवढाच बोलले. मी विचार केला, बाईमाणूस, लग्नाला टाइम झाला, शरीर थोडा भरतो. हात वाढतो, तर बांगडी पण वाढते. मोठी बांगडी हँडलच्या पाठी अडकणार. मग जागा पाहिजे. म्हणून मी हँडल पुढे घेतला." त्यांनी हाताने हवेत मोठं कडं काढून दाखवलं. "दांडी पण लांबी करायला पाहिजे होती, मला समजत होता. पण लढाईचा टाइम, पोलाद कुठे मिळते? फादर गाडी घ्यायला आले, आत हात घालून बघितला, मला विचारला, 'हा पुढे का घेतला?' मी बोललो, 'शेठ, बांगडी वाढते ना!' तर ते माझ्या कामाच्या फळीवर बसून एवढा हसले, एवढा हसले! डोळ्यात पाणी. मी बोललो, काय चुकला? तर बोलले, 'काही नाही मिस्त्री, एकदम बरोबर केलंत.' पैशाच्या वर मला पेंडे दिले."

लवूच्या खांद्यांना आधी कळलं. ते हलायला लागले. ऊर्मिलेलाही हसू आलं.

"काका, आमच्यात सवाष्णीची बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. अशुभ वाटतं. म्हणून 'वाढली' म्हणतात."

वल्लभ मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. "वाढली एटले… फुटली?"

"फुटली."

"हँडलमध्ये अडकून फुटत होती?"

"हो."

"हाय हाय!" त्यांनी गुडघ्यावर हात मारला. "आणि मी बाईला जाडी केली! वीस वर्षं!" मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "पण बेन, आम्ही पण फुटली नाही बोलत. आमच्यात 'नंदवाई' बोलतात. ते 'नंदवाय छे' बोलले असते तर मला समजला असता."

"त्यांना 'नंदवाय' माहीत नसेल, काका."

"आणि मला वाढते माहीत नव्हता." त्यांनी चकती तिला परत दिली. "पण फुटायची बंद झाली ना? ते विचारा घरी."

द्वैभाषिक. ऊर्मिला गाडीशी येऊन थांबली आणि अप्पांनी दाराला दिलेलं ते नाव तिने लवूला सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाषांतरातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करणाऱ्या माणसाने एवढी एक चूक तशीच ठेवली होती. मिस्त्रीला खजील केलं नव्हतं, घरी कोणाला सांगितलं नव्हतं; वर त्या चुकीचे पेढे वाटले होते, आणि तिच्यापायी प्रत्येक उजव्या वळणाला हात लांब केला होता.

"मेस्त्री, चकती परत बसवायची."

"आणि माझो दुसरो खट्?" लवू कळवळून म्हणाला. "ता तुम्ही काय द्वैभाषिकच ठेवतल्यात?"

"नाही. दांडी लांब करायची. आता पोलाद मिळतं."

लवूने मोटारींच्या भंगारातून जाड चौकोनी सळई शोधली, कानशीने चारी बाजू उतरवल्या, चकतीच्या जाडीएवढी दांडी वाढवली. "ही खरोखरची वाढली हा," असं त्याने दोनदा तरी म्हणून घेतलं. पुन्हा काजळी, पुन्हा दार. या वेळी काळा डाग घराच्या पार तळाशी उमटला.

खाली वाडीत एक मेच्या पताका बांधायला सुरुवात झाली होती. आई स्वयंपाकघरात होती. तिला सांगायचं ते सोपं होतं, पण त्यात एक शब्द होता आणि ऊर्मिला त्या शब्दापाशी अडली. तो या घरात शेवटचा उच्चारला गेला तो श्रावणात. 'बांगड्या वाढवा तिच्या,' असं कोणीतरी म्हणालं होतं आणि आईने दोन्ही हात स्वतःहून पुढे केले होते. दुसरा शब्द शोधून पाहिला तर गोष्टच उरत नव्हती. शेवटी तिने पाठ वळवून, पेल्यात पाणी ओतत, मिस्त्री जसे बोलले तसंच सगळं सांगितलं. बायकोची बांगडी वाढते. हात भरला. जागा पाहिजे.

 ती वळली तेव्हा आईने तोंडाला पदर लावला होता आणि खांदे हलत होते. रडते आहे असं वाटून ऊर्मिला पुढे झाली. आई हसत होती.

"म्हणून!" ती म्हणाली. "म्हणून त्या वर्षी येता-जाता माझ्या हाताकडे बघून फिसकन हसायचे! मी विचारलं तर म्हणे, तुला बारीक व्हायला हवं." ती पुन्हा हसली, मग डोळे पुसून बसली. "गाडी घेतली तेव्हा दर फेरीला एक वाढायची गं. तुझ्या आजीने गाडीलाच अपशकुनी ठरवलं होतं. मी बसायचंच बंद करणार होते. मग थांबलं एकदाचं. मला वाटलं, माझाच हात सरावला."

तिने उठून आपलं डावं मनगट उजव्या हाताने एकदा चाचपलं. ते नुसतंच होतं.

"आता काय करायची ती जागा?" ती म्हणाली. पण पायांत चपला अडकवल्या.

गाडीत बसल्यावर तिने आधी हात नेला. खालून, मनगट वळवून. पेरं कुठे आपटली नाहीत. हात आत गेला, हँडल वळलं, दार उघडलं. मग तिने स्वतःच ते ओढून लावलं. खट्-खट्. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. कुंभाराकडे मडकं वाजवून घेतात तशी ती कान देऊन ऐकत होती. वरच्या गॅलरीतून बेबीकाकू ओरडल्या, "शकूताई, दार काढून घेणार की काय?"

"लागतंय का बघते!" आई तितक्याच मोठ्याने म्हणाली.

वाडीच्या तोंडाशी ऊर्मिलेने गाडी थांबवली. डावीकडे वळलं की समुद्र जवळ, फेरी छोटी, आईला दमवणारी नाही. तिने डावीकडे चाक फिरवायला घेतलं.

"उजवीकडून घे," आई म्हणाली.

ऊर्मिलेने उजवीकडे घेतलं. गाडी कलली. तिचा डावा हात आपोआप चाकावरून सुटला, अर्ध्यावर गेला आणि तिथेच थांबला. दार जागचं हललं नाही. आईने तो हात पाहिला, हलकेच धरला आणि परत चाकावर नेऊन ठेवला.

"दोन्ही हातांनी चालव," ती म्हणाली. मग थोडं पुढे वाकून, रस्त्याकडे बघत, "शिवडी इथून किती लांब गं?"

"का?"

"त्या मिस्त्रीने विचारलंय ना? सांगून येऊ. म्हणावं, त्यानंतर त्या दारात एकही वाढली नाही."